झोप हासुद्धा आपला प्रश्न आहे

(रत्नागिरी परिसरातल्या महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलीचा बाज तसाच ठेवला आहे. ज्या बायकांचे अनुभव आले आहेत त्यांची ओळख त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाही.)

मला आज कंबरदुखीवर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, वाडीवाडीवर बैठका घेत फिरणारी कार्यकर्ती आहे. तेव्हा मणक्यांचे तक्ते मी भिंतीवर लावणार नाही. कंबर दुखणाऱ्या बाईची रात्र कशी जाते, त्याबद्दल मी बोलणार आहे.

आधी एक प्रश्न. तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर दुखते आहे अशा जणींनी हात वर करा. ठीक. आता ज्यांना काल रात्री नीट झोप लागली, त्यांनी हात खाली घ्या. बघा जरा आजूबाजूला. खाली आलेले हात किती थोडे आहेत!

हा प्रश्न मी पूर्वी कधी विचारत नसे. का नसे, ते सांगते.

आमच्या एका गटात काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या एक बाई आहेत. पन्नाशीच्या आतबाहेरच्या. सगळ्या त्यांना काकी म्हणतात. दिवसभर मांडी घालून काजूगराची साल काढायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. बैठकीत हिशेब सुरू झाला की काकींची मान खाली जायची. आम्ही हसायचो. "काकी, रात्री चोऱ्या करता काय?" त्याही हसायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "झोप नाय गो लागत. कंबर ठणकते. कूस बदलली की जाग येते, मग कोंबडा आरवेपर्यंत वासे मोजत पडायचं." त्यावर मी काय म्हणाले? "काकी, आधी कंबरेचं बघा. दुखणं थांबलं की झोप आपोआप येईल."

पुढं दीडेक वर्षानं काकी रात्री मागीलदारी जाताना पडल्या. मनगट मोडलं. तेव्हा कळलं की चार वर्षं त्या झोपेची गोळी घेत होत्या. चिठ्ठी एकदाच लिहून मिळालेली, तीच दाखवून दर महिन्याला पाकीट यायचं. एकीनं भागेना म्हणून दोन झाल्या होत्या. चार वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. उलट, दुखणं थांबेपर्यंत थांबा, असं सांगून त्यांना परत गोळीकडेच पाठवलं.

माझं ते वाक्य चुकीचं होतं. ते आज दवाखान्यातही ऐकू येतं, घरातही ऐकू येतं, म्हणून ते का चूक आहे हे नीट समजून घेऊ.

आपल्याला वाटतं, दुखणं पुढे आणि झोपमोड त्याच्या मागे. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना ढकलत असतात. निरोगी माणसांना प्रयोगासाठी झोपू दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तीच उष्णता, तोच दाब त्यांना जास्त दुखतो, हे अनेकदा तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे कंबरेत नवं काहीही बिघडलेलं नसताना, केवळ रात्र वाईट गेली म्हणून सकाळची कंबर जास्त दुखू शकते. जास्त दुखली की पुढची रात्र आणखी वाईट. रहाटाचं चाक फिरत राहावं तसं हे चालतं. हे चाक कंबरेच्या बाजूनं थांबवायचा प्रयत्न करता येतो, तसा झोपेच्या बाजूनंही करता येतो.

असा प्रयत्न झालेला आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखी आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या सगळ्यांना दुखण्यावरचं एकच औषध दिलं. काहींना सोबत झोपेची खरी गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी. महिनाभरात खरी गोळी घेणाऱ्यांची झोप तर सुधारलीच, पण कंबरेचं दुखणंही दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं. तेव्हा गोळ्या घ्या, असं मी म्हणते असं कृपा करून समजू नका. अभ्यास लहान होता, महिन्याभराचाच होता, आणि काकींची गोष्ट तुम्ही आत्ताच ऐकलीत. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की झोपेवर वेगळा उपचार करावा लागतो, आणि तो कंबरेपर्यंत पोहोचू शकतो.

आता हा प्रश्न स्त्रियांच्या गटात कशासाठी? कंबर तर पुरुषांचीही दुखते. खरं आहे. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. त्यात बायकांचं प्रमाण अधिक आहे. आपल्या जिल्ह्याकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ इथं बायकांना फार मान आहे असा कुणी लावू नये. गडी मुंबईला आणि घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या गळ्यात, असा त्याचा अर्थ. तरवा काढायला वाकायचं, लावणीला वाकायचं, मासळी निवडायला उकिडवं बसायचं, मे महिन्यात विहिरीचा तळ दिसला की हंडे कुठून कुठून आणायचे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशभरातला आकडा आला: बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. ही जास्तीची दोनशे मिनिटं कुठून येतात? बऱ्याच घरांत ती बाईच्या विसाव्यातून आणि झोपेतून येतात.

आणि दुखणं सांगायला गेलं की उत्तरं ठरलेली. "वय झालं." "बायकांना असतंच." पट्टा बांधा, ताकदीचं इंजेक्शन घ्या. याहून भयंकर उत्तर म्हणजे "पिशवी काढून टाका". २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, ते तुम्हाला आठवत असेल. ओटीपोट दुखतं, कंबर दुखते म्हणून गेलेल्या बाईचा अवयवच काढून टाकला जातो, पण रात्री झोप लागते का, हा फुकटचा प्रश्न तिला विचारला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दुखण्याची नीट माहिती देणं, व्यायाम, मनाच्या अंगानं केलेले उपचार, यांचा त्यात समावेश आहे. पट्टे आणि वजन लावून ताण देणं, हे सरसकट करू नका असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे नेमका पट्टाच आधी हातात पडतो.

आता उपचाराकडे येते. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नसावा, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सांगितलं. पहिला उपचार म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची एक पद्धत. तिला थोडक्यात सीबीटी-आय म्हणतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांचं काम असतं. जुनं दुखणं असलेल्यांवरही ती तपासलेली आहे. त्यांची झोप सुधारते. दुखणं प्रत्येक वेळी कमी होतंच असं नाही, पण दुखण्यामुळे दिवसाचं अडणं कमी होतं.

आम्ही एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंच्या मदतीनं गटातल्या सात जणींसोबत हे करून पाहिलं. तो काही अभ्यास नव्हता, शिकणं होतं.

पहिले पंधरा दिवस फक्त नोंद. वही कुणी लिहीना, म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय वापरलं. सकाळी उठल्यावर त्या तारखेच्या चौकोनात खुणा करायच्या: अंथरुणाला पाठ कधी लागली, झोप साधारण किती, उठलं कधी. लिहिता न येणारीनं नातीकडून खुणा करून घेतल्या.

पंधरा दिवसांनी चौकोन पाहिले आणि माझे डोळे उघडले. तक्रार एकच, "झोप नाही". पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. काकी साडेआठलाच आडव्या व्हायच्या, कारण बसवत नसे. सून स्वयंपाक करायची. उठायच्या पाचला. म्हणजे साडेआठ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम साडेपाच तास. दुसरी एक तिशीतली, दोन लहान मुलं, पाय धरून बसलेले सासरे. ती आडवी व्हायची साडेअकराला आणि पाणी येतं म्हणून उठायची साडेचारला. पडल्या पडल्या मेल्यासारखी झोपायची. तिला निद्रानाश नव्हताच. तिला झोपायला वेळच दिला जात नव्हता.

मैत्रिणींनो, हा फरक ओळखणं हे पहिलं काम. झोपायला वेळ आहे पण झोप येत नाही, तिला उपचार हवा. झोप येते पण वेळ नाही, तिला घरातल्या कामाची वाटणी हवी. या दुसरीला "रात्री दूध घ्या, मन शांत ठेवा" असं सांगणं ही तिची थट्टा आहे. तिच्या घरी आम्ही दोघीजणी जाऊन बसलो. नवऱ्याशी बोललो. रात्री वडिलांचं बघणं आणि पहाटेचं पाणी भरणं त्यानं घ्यावं, असं ठरलं. पाणी तो भरतो. वडिलांचं अजून अर्धंमुर्धंच. पण तिला सव्वा तास जास्त मिळाला, आणि कंबर आधीपेक्षा बरी आहे असं ती म्हणते.

काकींसाठी मात्र खरा उपचार लागला. तो ऐकायला उलटा वाटतो. झोप साडेपाच तास लागते ना, मग त्यात अर्धा तास मिळवून सहाच तास अंथरुणात घालवायचे. रात्री अकरा ते पहाटे पाच. अकराच्या आधी पाठ टेकायची नाही, दुपारी लवंडायचं नाही. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ पाचच. पाच तासांपेक्षा खाली मात्र कुणालाही न्यायचं नाही. यानं झोप साठते, तुकडे जोडले जातात. अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची.

दुसरा नियम: पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं. घड्याळ बघायचं नाही, अंदाजानं उठायचं. दुसऱ्या जागी बसायचं, डोळ्यावर झोप आली की परत. वर्षानुवर्षं अंथरुणात तळमळलं की अंथरूण दिसताच शरीर जागं होतं. ती गाठ सोडवायची असते.

सांगायला सोपं. पण बाईनं रात्री उठून बसायचं कुठं? एका खोलीत पाच माणसं, दिवा लावला तर ओरडा. काकींच्या मुलानं पहिल्याच आठवड्यात मला फोन केला, "मॅडम, आई मध्यरात्री पडवीत भुतासारखी बसते, लोक काय म्हणतील?" शेवटी पडवीत पाठीला टेकू देणारी खुर्ची आणि लहान दिवा, एवढ्यावर तडजोड झाली. रात्री उठून दहा मिनिटं आपल्या घरात बसायची मुभा, एवढीही आपल्याला मागून घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे काळजी. उजेड असतानाच पंधरा मिनिटं बसून जे डोक्यात फिरतं ते कुणाशी तरी बोलायचं. आमच्या बायका दळणाच्या वाटेवर बोलू लागल्या. "आज झोपले नाही तर उद्या मेलेच" हा विचारही तिथं काढून पाहायचा. एक वाईट रात्र गेली तरी दुसरा दिवस निभतो, हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं, फक्त रात्री दोन वाजता आठवत नाही.

कंबरेसाठी म्हणून थोडं वेगळं. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये जुनी गोधडी गुंडाळून ठेवायची, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. काम तोडून करायचं: बरं वाटलं म्हणून एका दिवसात अख्खी खळी सारवायची आणि मग तीन दिवस पडायचं, हे बंद. आणि रोज चालायचं. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या अभ्यासात, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, बरी झालेली कंबर पुन्हा दुखायला लागेपर्यंत चालणाऱ्यांना साधारण २०८ दिवस मिळाले, न चालणाऱ्यांना ११२. "आम्ही काय कमी चालतो?" असं तुम्ही म्हणाल. डोक्यावर हंडा घेऊन चालणं वेगळं, आणि मोकळ्या हातानं मैत्रिणीबरोबर चालणं वेगळं.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दिवसा पेंग येते, हेही सांगून ठेवते. काजू कापायच्या यंत्रावर बसणाऱ्या एका मैत्रिणीचे तास आम्ही म्हणून सावकाश कमी केले. जिला फीट येते, जिला पूर्वी मनोविकाराचा मोठा झटका येऊन गेला आहे, तिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय तास कमी करायचे नाहीत. मोठ्यानं घोरून श्वास अडकत असेल, रात्री पायांत मुंग्या येऊन ते हलवत राहावे लागत असतील, तर त्याची तपासणी वेगळी. पायांचा हा त्रास अंगात लोह कमी असल्यानं होऊ शकतो, आणि ते आपल्यात किती जणींचं कमी आहे हे तुम्ही जाणता.

गोळ्यांविषयी. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे. जुन्या चिठ्ठीवर आणू नका, जाऊबाईंची घेऊ नका. या गोळ्यांची सवय लागते, तोल जातो, वय वाढेल तसा धोका वाढतो. झोल्पिडेम नावाची गोळी बायकांच्या शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस निम्मा करायला सांगितलं गेलं. तोवर वर्षानुवर्षं दोघांना एकच डोस होता! पण ज्या रोज घेत आहेत त्यांनी हे ऐकून आज रात्री एकदम बंद करू नका. एकदम थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्यानं कमी करायच्या. काकींना त्याला चार महिने लागले.

काही वेळा हे सगळं बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी. ताप येतो, वजन घटतं, पूर्वी क्षयरोग किंवा कर्करोग झालेला आहे, म्हातारपणी पडल्यानंतर दुखू लागलं, कुठल्याही कुशीवर रात्री आराम पडत नाही, तर उशीर न करता. पाठीच्या मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही.

आता एक अवघड गोष्ट. सातांपैकी दोघींनी मध्येच सोडलं. त्यातल्या एकीच्या घरी मी नंतर गेले. खूप वेळानं ती म्हणाली, "ताई, तुम्ही गाढ झोपायचं शिकवता. मी गाढ झोपले तर तो आलेला मला कळेल कसा?" नवरा पिऊन येतो, कधी येईल सांगता येत नाही. कंबरेला पहिला मार त्याच्याच लाथेचा. तिचं जागणं हा तिचा आजार नव्हता, तिची राखण होती. अशा बाईला कालनिर्णयावर खुणा करायला सांगून उपयोग नाही. आधी सुरक्षितता हवी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, १८१ हा क्रमांक, शेजारची माणसं, आपला गट, हे तिथलं औषध. म्हणून "झोप का लागत नाही" हे बाईला एकटीला गाठून विचारा, चारचौघांत नको.

मदत कुठं मिळेल? रत्नागिरीत "झोप येत नाही" म्हणून मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की लोक मनोरुग्णालयाचं नाव घेऊन चेष्टा करतात. करू देत. तिथं किंवा जिल्हा रुग्णालयात जाणं यात लाज नाही. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करून मराठीत बोलता येतं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातही कंबरेसाठी आलेल्या प्रत्येक बाईला झोपेचं विचारलं जावं, आणि कारखान्यात टेकू असलेली बैठक व मध्ये मध्ये उठायची सुट्टी मिळावी, ही मागणी आपण गट म्हणून करायला हवी. एकटीनं मागितलं तर ती नाजूक ठरते.

काकी आता रात्री सहा-सव्वासहा तास झोपतात. गोळी नाही. कंबर दुखते, कारण काम तेच आहे. परवा म्हणाल्या, "दुखणं हाय गो, पण आता दिवसाचंच." बैठकीत त्यांची मान खाली जात नाही. उलट गेल्या महिन्यात हिशेबातली माझीच चूक त्यांनी काढली.

तुम्ही इथून गेल्यावर एवढंच करा. पुढच्या बैठकीत कुणी पेंगत असेल तर हसू नका. बैठक संपल्यावर तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जा आणि विचारा, रात्री कधी पडतेस, कधी उठतेस, आणि मध्ये काय होतं.